‘ब्रेक’ : एका शब्दाची हजेरी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एकच शब्द सांगितला : ‘ब्रेक’. त्यांना वाटले, हा मोटारीवर बोलणार. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि म्हणाले, ‘‘आमचे एक सभासद विचारतात, तुम्हांला व्याख्यानाच्या मध्ये ब्रेक हवा आहे काय?’’ तिसऱ्या दिवशी त्यांच्या चिरंजिवांनी दारातूनच विचारले, ‘‘काका, यंदा तुम्ही बोलणार नाही का? ब्रेक घेतलात म्हणे.’’ घोटाळा माझ्यामुळे झाला हे मी कबूल करतो. पण एकाच घरात एका शब्दाचे तीन अर्थ तीन दिवसांत निघाले, तेव्हा विषय बरोबर निवडला आहे अशी माझी खात्री झाली.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती परंपरा इंद्रायणीकाठच्या आपल्या मोशीच्या मांडवापर्यंत आली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मी विद्वान नव्हे. माझी शाळा नववीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि एका जुन्या इंग्रजी-मराठी कोशात झाले. तो कोश मी का विकत घेतला, ती हकीकत याच शब्दाशी बांधलेली आहे, म्हणून तिथूनच आरंभ करतो.

१९९१ साली मी जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून भोसरीला आलो आणि एका कारखान्यात टेंपररी म्हणून लागलो. कारखान्याचे नाव घेत नाही. तेव्हा सगळीकडे तीच रीत होती, एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. सात महिने पुरे व्हायला दोन दिवस राहिले असताना सुपरवायझर मशीनपाशी आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘सोमवारपासून तुला ब्रेक.’’ माझ्या मनात पहिल्यांदा आले ते चहाचे. सकाळी दहाला दहा मिनिटे चहाचा ब्रेक मिळे. मला वाटले, चांगले काम केले म्हणून चार दिवस विश्रांती देताहेत. मी ‘थँक्यू साहेब’ म्हटले! मागच्या मशीनवरचा जुना कामगार हसला. तो का हसला, हे संध्याकाळी टाइम ऑफिसात इंग्रजी पत्र हातात पडले आणि गेटपास काढून घेतला, तेव्हा समजले.

एस.टी.ने गावी गेलो. आईला सांगितले, ‘‘आई, मला ब्रेक दिला.’’ आमच्या गावात त्या वर्षी एका पोराचा हात मळणीयंत्रात गेला होता आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ‘ब्रेक आहे’ म्हणून प्लॅस्टर घातले होते. आई माझे हात चाचपू लागली. ‘‘कुठं मोडलं रं? हात का पाय?’’ मी म्हटले, काही मोडले नाही, नोकरीत ब्रेक दिला. ती म्हणाली, ‘‘म्हंजी मोडलंच की.’’ तिला एक अक्षर वाचता येत नव्हते. पण माझ्या सुपरवायझरांपेक्षा आणि माझ्यापेक्षा तिला त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ अधिक बरोबर लागला, असे मी आज तीस वर्षांनंतर म्हणतो.

ते पत्र वाचता यावे म्हणून पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौकातून जुना कोश आणला. पाठीचे पुठ्ठे गेलेले होते. त्यात हा शब्द काढला आणि छाती दडपली. दीड पान भरून अर्थ! दुसऱ्या शब्दांना दोन ओळी पुरत होत्या, आणि याला दीड पान. तेव्हापासून मी हा शब्द जिथे भेटेल तिथे टिपून ठेवतो. आज त्याची हजेरी घ्यायची आहे.

पहिली गोष्ट अशी की आपण ज्याला एक शब्द समजतो ते इंग्रजीत दोन आहेत. एक ‘बी-आर-ई-ए-के’, म्हणजे मोडणे, खंड, मधली सुटी. दुसरा ‘बी-आर-ए-के-ई’, म्हणजे गाडी थांबवणारे साधन. लिहिण्यात वेगळे, उच्चारात सारखे. इंग्रज माणूस ते डोळ्यांनी वेगळे करतो. आपण नागरीत दोन्ही ‘ब्रेक’ लिहितो, तेव्हा आपले डोळेही फसतात आणि कानही. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला ब्रेकव्हॅन म्हणतात ती दुसऱ्या शब्दाची. लेगब्रेक चेंडू पडून वळतो तो पहिल्याचा. (सुभाष गुप्त्यांनी १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी बाद केले, ते या लेगब्रेकच्या जोरावर. क्रिकेट हा माझा विषय नव्हे, पण गुप्त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.) रस्त्यावरचा स्पीडब्रेकर पहिल्या शब्दाचा आणि काम करतो दुसऱ्याचे. नाशिक रस्त्यावरून आत वळले की आपल्या मोशीत दर गल्लीला एक आहे. त्याने वेग मोडतो की गाडीचे पाटे मोडतात, हा प्रश्न महापालिकेला विचारावा.

हे दोन शब्द एकत्र नांदतात अशी एक जागा मला ठाऊक आहे. पूर्वी अमेरिकेत आगगाडी थांबवायची तर ब्रेकवाले कामगार डब्यांच्या टपांवरून पळत जाऊन एकेका डब्याचे हातचाक आवळीत. पुष्कळ माणसे पडून मेली. जॉर्ज वेस्टिंगहाऊस या गृहस्थाने १८६९ साली हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला आणि थोड्याच वर्षांत त्यात एक सुधारणा केली. गाडीखालच्या नळीतली हवा ब्रेकला उघडा ठेवते. नळी कुठे फुटली, डबा तुटला, तर हवा जाते आणि ब्रेक आपोआप आवळला जातो. म्हणजे एक ब्रेक झाला की दुसरा ब्रेक लागतो. आज चाकणहून निघणाऱ्या मोठ्या ट्रकांतही तत्त्व हेच आहे : हवा गेली की स्प्रिंग चाक धरते. बिघाड झाला तर तो माणसाच्या जिवावर बेतू नये अशी योजना आधीच करून ठेवलेली. यंत्रशास्त्रातली ही मला सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते. ती कारखान्याच्या माणसांना लागू करायची कुणाच्या मनात का आली नाही, हे पुढे येईल.

आता मराठीकडे. कोशात ‘मोडणे’ हा एक अर्थ पाहून मी थांबलो असतो तर फसलो असतो. कारण इंग्रज ज्या सगळ्याला एक शब्द लावतो, त्याला आपली भाषा वस्तू पाहून शब्द देते. काठी मोडते, दोरी तुटते, मडके फुटते. यांची अदलाबदल करून पाहा. दोरी फुटली असे चार वर्षांचे मूलसुद्धा म्हणणार नाही. झोप मोडते, लग्न मोडते, शब्द मोडतो, बँकेतली ठेव मोडतो, शंभराची नोट मोडतो. उपवास मात्र मोडत नाही, सोडतो. मोडला तर पाप. बातमी फुटते, वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो. दिवस उजाडतो, इंग्रजीत तोही ‘ब्रेक’ होतो. आणि संप? संप मोडतो असेही म्हणतात, पण आमच्यात संप फुटतो, किंवा कुणीतरी फोडतो. या ‘फोडणे’ क्रियापदात एक फोडणारा माणूस उभा आहे, त्याचे तोंड दिसते. मला ही क्रियापदे फार आवडतात. ती कोणी काय केले ते लपवत नाहीत.

पावसाचेच पाहा. हवामानशास्त्रात पावसाळ्याच्या मध्यात पाऊस थांबतो त्याला इंग्रजीत ‘ब्रेक’ हीच संज्ञा आहे. मॉन्सूनचा पट्टा वर हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो, तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे आभाळ कोरडे राहते. शास्त्रज्ञाला एक शब्द पुरतो. शेतकऱ्याला पुरत नाही. कोळपणीला चार दिवस ऊन मिळाले तर ती ‘उघडीप’; पंधरा दिवस गेले, पिके माना टाकू लागली, तर पावसाने ‘ओढ दिली’. आभाळ तेच, कोरडेपण तेच, पण उघडीप हे सुख आहे आणि ओढ हे संकट. माझ्या सुपरवायझरांनी मला दिली ती ओढ होती, आणि सांगितली उघडीप म्हणून.

इंग्रजी शब्द आपण उसना घेतला, पण त्याला क्रियापद मराठी लावले, आणि खरा अर्थ त्या क्रियापदात शिरला. ड्रायव्हर ब्रेक मारतो. उतारावर ब्रेक लागत नाही. ब्रेक फेल होतो. वर्तमानपत्रात दरवाढीला ब्रेक बसतो. बाई शाळेत शिकवतात, बाळंतपणासाठी ब्रेक घेतात. नटाला सिनेमात ब्रेक मिळतो, म्हणजे त्याचे नशीब उघडते. दूरदर्शनवरचा निवेदक ‘छोटासा ब्रेक’ म्हणून साबण विकायला जातो. यांतल्या ‘घेणे’ आणि ‘मिळणे’ या दोहोंत माणसाचे काही भले आहे. आता कारखान्यातले वाक्य ऐका : ‘त्याला ब्रेक दिला.’ देणे हे क्रियापद आपल्या भाषेत दानाचे आहे. आपण जेवण देतो, आशीर्वाद देतो, रजा देतो. इथे माणसाकडून काम काढून घेतले, मजुरी काढून घेतली, गेटपास काढून घेतला, आणि वाक्यात म्हटले ‘दिला’. सरकारी कागदात याला ‘सेवेत खंड’ म्हणतात. हंगामी शिक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या नेमणुकांत तर ‘तांत्रिक खंड’ असा शब्द निघाला आहे. एका दिवसाचा खंड, तोही तांत्रिक! जणू काय यंत्रातच काही झाले, माणसाने काही केलेच नाही.

कारखान्याच्या एका पाळीत हा शब्द किती रूपे घेतो ते सांगतो. सकाळी दहाला चहाचा ब्रेक. दुपारी जेवणाचा, १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या आत अर्धा तास विसावा देण्याचे बंधन घातले होते, आणि तो अर्धा तास कुणाच्या मेहरबानीचा नव्हता, त्यासाठी गिरणगावात माणसांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. मशीन बंद पडले की ब्रेकडाऊन. मेंटेनन्सवाला धावतो, साहेब धावतो, मिनिटामिनिटाचा हिशेब फळ्यावर लिहिला जातो. पत्रा वाकवण्याचे मशीन असते, त्याला प्रेसब्रेक म्हणतात; ते थांबवतही नाही आणि मोडतही नाही, वाकवते. मला याचा उलगडा होत नव्हता. पुढे वाचनात आले की जुन्या इंग्रजीत ताग-अंबाडीसारख्या झाडांच्या काड्या चेचून धागा काढण्याच्या साधनालाही ब्रेक म्हणत. चेचणाऱ्या, दाबणाऱ्या यंत्रांशी या शब्दाचे नाते जुने आहे. आणि शेवटी पॉवरप्रेस. तिच्यावर थोडे थांबले पाहिजे.

पॉवरप्रेसला मोठे चाक सतत फिरत असते. पायाने पॅडल दाबले की क्लच चाकाला धरतो, वरचा दांडा खाली येऊन पत्रा कापतो आणि वर जातो. वर गेल्यावर त्याला तिथेच धरून ठेवतो तो ब्रेक. ब्रेकची पट्टी झिजली, तिला तेल लागले, किंवा क्लचची चावी खराब झाली, तर दांडा वर थांबत नाही. पॅडल न दाबता दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार याला डबल स्ट्रोक म्हणतात. त्या क्षणी हात कापलेला तुकडा काढायला आत गेलेला असतो.

आमच्या भागातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये काही वर्षांपूर्वी असेच झाले. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, विदर्भातला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. आम्ही रुग्णालयात गेलो, कागद मागितले. हजेरीपुस्तकात त्या दिवशी त्याच्या नावापुढे काय असावे? ‘ब्रेक’. सात महिने झाले म्हणून कागदावर त्याला ब्रेक दिलेला, आणि माल निघायचा म्हणून तोंडी कामावर बोलावलेला. ठेकेदार शांतपणे म्हणाला, ‘‘हा तर ब्रेकवर होता, प्रेसवर कसा गेला त्यालाच विचारा.’’ जो ब्रेक असायला हवा होता तो नव्हता, आणि जो नव्हता तो कागदावर होता.

त्याचे तिथे असणे सिद्ध कशाने झाले? साक्षीला कोणी येईना. सगळेच सातव्या महिन्याच्या अलीकडचे-पलीकडचे. शेवटी त्याच्या खोलीत एक शाळेची वही सापडली. तो रोज काढलेल्या नगांचा आकडा तीत लिहीत असे, कारण नगामागे दहा पैसे कमी पडतात असा त्याला संशय होता. ‘ब्रेक’च्या सोळा दिवसांचे आकडे त्यात होते, आणि ते आकडे वर्कशॉपने पाठवलेल्या मालाच्या चलनांशी नगास नग जुळले. त्यावर ठेकेदार नमला. भरपाई मिळाली; बोटे मिळाली नाहीत. तो गृहस्थ आज या मांडवात बसला आहे. नाव घेऊ नका म्हणाला आहे, म्हणून घेत नाही.

आता कायद्याचे थोडे सांगतो. इथे लक्ष द्यावे, कारण निम्मी भीती अज्ञानाची आहे. सात महिन्यांचे गणित आले कुठून? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीचे प्रकरण घालण्यात आले. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती एका वर्षाची अखंड सेवा धरावी, आणि अशा माणसाला काढायचे तर महिन्याची नोटीस व वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा, असे त्यात होते. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत पुढची पायरी होती : २४० दिवस भरलेल्या बदली वा टेंपररी कामगाराला लेखी हुकुमाने कायम करावे. २४० दिवस म्हणजे आठ महिने. म्हणून सातव्यात ब्रेक. कामगाराच्या भल्यासाठी घातलेली मर्यादा हीच त्याला हाकलण्याची तारीख झाली.

पण गंमत पुढेच आहे. आमच्या शंभरातल्या नव्वद पोरांची समजूत अशी की ब्रेक मिळाला की मीटर शून्यावर येते. रिक्षाचे मीटर येते. कायद्याचे येत नव्हते. कायदा मागचे बारा महिने पाहत होता आणि त्यांतले दिवस मिळवत होता. सात महिने काम, एक महिना ब्रेक, पुन्हा चार महिने काम : बारा महिन्यांतले अकरा भरले. ब्रेक होऊनही २४० कधीच उलटून गेले! शिवाय ज्या रविवारांचा आणि सणांचा पगार मिळतो तेही मोजावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सांगितले. आणि कामगाराचा दोष नसताना काम थांबले तर सेवेची अखंडता मोडत नाही, असे मूळ कलमातच लिहिले होते. म्हणजे मालकाने ‘मोडले’ म्हटले तरी कायदा ‘मोडले नाही’ म्हणत होता. मी सहा वर्षांत सात ब्रेक खाल्ले आणि त्यांतल्या चार वेळा माझे दिवस भरलेले होते. मला ते ठाऊक नव्हते. कोशात हे नव्हते.

मालक मंडळींना मात्र ठाऊक होते. म्हणून हुशार कारखान्यांत नुसता ब्रेक देत नसत. पाच महिने बाहेर ठेवीत, नाही तर ठेकेदार बदलीत, की माणूस तोच, मशीन तेच, पण कागदावर नवा जन्म. १९७१ चा महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांचा कायदा याच्यावर बोट ठेवणारा होता : कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे टेंपररी ठेवणे ही अनुचित प्रथा, असे त्याच्या चौथ्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलेले. त्याच्या बळावर एस.टी.च्या बसगाड्या झाडणाऱ्या-धुणाऱ्या कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ साली ते जिंकले. पण हेतू सिद्ध करावा लागतो. आणि २४० दिवस भरले हे दाखवण्याचे ओझे कामगारावर आहे, असे त्याच न्यायालयाने २००२ साली सांगून ठेवले होते. ज्याच्या हाती हजेरीपुस्तक नाही त्याने हजेरी सिद्ध करायची. ती शाळेची वही म्हणून मोलाची.

अलीकडे ब्रेकची गरजच कमी होत चालली आहे. १९८४ च्या दुरुस्तीने मुदत संपून करार न वाढवणे हे कपातीतून वगळले होते. मध्यंतरी ‘नीम’ नावाची योजना आली, चाकणच्या पट्ट्यात हजारो मुले कामगार न म्हणवता ट्रेनी म्हणवली गेली. पुढे ती योजना बंद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत २४० दिवसांचा हिशेब आहे, पण ठरावीक मुदतीची नेमणूकही आहे, आणि मुदत सरून नोकरी संपली तर ती कपात नव्हे असे त्यात म्हटले आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की अशा माणसाला कायम कामगाराइतका पगार द्यावा आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी द्यावी, असेही त्यात आहे. पूर्वी पाच वर्षे लागत. हे पगारपत्रकावर उतरले तर मी त्याचे स्वागत करीन. अजून पाहतो आहे.

इथपर्यंत मी दुसऱ्यांचे बोललो. माझेही एक सांगणे आहे, नाही तर ही हजेरी खोटी होईल. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही तीन वर्षांचा करार केला. कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली, गुलाल उडाला. वाटाघाटींच्या शेवटच्या रात्री व्यवस्थापनाने विचारले होते, ‘‘टेंपररींचा मुद्दा ठेवायचा असेल तर आकडा खाली येईल.’’ आम्ही सात जण टेबलाशी होतो. कोणीतरी म्हणाले, ‘‘त्या विषयाला सध्या ब्रेक देऊ.’’ मी सही केली. जो शब्द माझ्या पाठीवर हात ठेवून मला ऐकवला गेला होता, तोच मी मान हलवून स्वीकारला. दुसऱ्या दिवशी गेटवर दोन-तीनशे टेंपररी पोरे उभी होती. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, काही नाही, नुसती बघत होती. मालकाने शब्दाआड लपावे हे मी समजू शकतो. आम्ही लपलो, त्याला मला अजून मराठी क्रियापद सापडलेले नाही. ‘फोडणे’ जवळचे आहे.

मोशीच्या श्रोत्यांना हे का सांगतो? आपल्यापैकी पुष्कळांच्या खोल्या या मुलांना भाड्याने दिलेल्या आहेत. १९९७ साली मोशी महापालिकेत आली, तेव्हा इथे वावरे होती. आज इमारती आहेत, आणि एकेका खोलीत चौघे-पाच जण राहतात. महिन्याच्या पाच तारखेला त्यांतला एक जण दारात येऊन म्हणतो, ‘‘काका, ब्रेक लागलाय, भाडं पुढच्या महिन्यात.’’ आपण समजतो, बरे आहे, पोरगा गावी जाऊन आराम करून येईल. तो आराम करायला जात नाही. तो नाक्यावर उभा राहतो, रात्री कुणाचे पार्सल पोचवतो, मोटारसायकलचा हप्ता चुकवतो. खानावळवाली उधारी बंद करते. मुलगी बघायला गेला तर मुलीचे मामा पहिला प्रश्न करतात, ‘‘सध्या कामावर आहात की ब्रेकवर?’’ लग्ने मोडली आहेत या शब्दावर. आणि लग्नाच्या बाबतीत ‘मोडणे’ हेच क्रियापद आपण वापरतो, तिथे कोणी ‘तांत्रिक खंड’ म्हणत नाही.

माझी एक विनंती या मुलांना, आणि त्यांच्या घरमालकांना. एक वही करा. रोज कामावर गेलात की तारीख, पाळी, मशीन आणि काढलेले नग, चार गोष्टी लिहा. ठेकेदाराचे नाव बदलले तर तेही लिहा. पगाराची चिठ्ठी आणि बँकेचा उतारा तिच्यातच ठेवा. ब्रेकवर असताना तोंडी बोलावले तर जाण्याआधी कुणाला तरी मोबाइलवर लिहून कळवा, म्हणजे त्या दिवशी तुम्ही कुठे होता याची नोंद राहील. आणि घरमालकांनी एवढेच करावे की पोराने खोली सोडली तर मागे राहिलेली वही रद्दीत घालू नये. त्या विदर्भातल्या मुलाची वही त्याच्या घरमालकीणबाईंनी कपाटावरून काढून दिली होती. त्यांनी ती कागदाच्या भावाने विकली असती तर मी आज वेगळी गोष्ट सांगत असतो.

ज्यांच्याजवळ इंग्रजीत पत्रे आली आहेत आणि ज्यांना ती नीट लागत नाहीत, त्यांनी ती घेऊन यावीत. दर रविवारी सकाळी नऊपासून मी माझ्या घराच्या ओट्यावर बसलेला असतो. पत्ता चिटणिसांजवळ आहे. तो जुना कोशही तिथेच असतो. त्या दीड पानाच्या समासात आता माझ्या हाताने लिहिलेले अर्थ छापलेल्या अर्थांपेक्षा जास्त झाले आहेत, आणि जागा उरलेली नाही म्हणून मी मागे कोरे कागद चिकटवले आहेत.